डबा लावण्याआधी

‘डबा लावायचा तर आहे, पण…’ असे सुरू होणारे प्रश्न वाचकांकडून सतत येतात. ‘पण’च्या पुढचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. मुलं परदेशी गेल्यावर घरात दोघंच उरलेल्या ज्येष्ठांना दोन वेळा ओट्याशी उभं राहणं नकोसं झालेलं असतं, पण तेल-तिखटाची धास्ती वाटते. बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झालेल्या आईला संध्याकाळचे दोन तास हवे असतात, पण सासूबाईंना बाहेरचं चालेल का, हा प्रश्न असतो. नोकरीसाठी पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मुलाकडे गॅसच नसतो, तरी महिन्याचे पैसे आगाऊ भरायला तो बिचकतो.

या सगळ्यांची फसगत बहुतेक एकाच ठिकाणी होते. शेजाऱ्यांनी नाव सुचवलं म्हणून एकदम महिन्याचा डबा लावला जातो, आठवडाभरात जेवण नकोसं होतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. डबा चांगला की वाईट, हा नंतरचा प्रश्न आहे. त्याच्याकडून आपल्याला काय हवंय, हे आधी ठरवावं लागतं. पुढचा लेख त्याच क्रमाने जातो.

आधी ठरवा: नेमकं काय सोपवायचंय?

‘स्वयंपाक नको झालाय’ म्हणणाऱ्या बहुतेकांना त्यातला एखादाच भाग नको झालेला असतो. एक आठवडा कागदावर टिपून ठेवा: वेळ कुठे जातो आणि कंटाळा नेमका कशाचा येतो? उत्तर बहुधा पुढच्यांपैकी एक निघेल.

- पोळ्यांचा कंटाळा. कणीक भिजवणं, लाटणं, भाजणं आणि नंतर पिठाचा ओटा पुसणं. मग अख्खा डबा कशाला? पोळी-भाजी केंद्रातून रोज मोजून पोळ्या घ्या. कुकर लावून वरण-भात आणि एखादी परतलेली भाजी घरी सहज होते.
- संध्याकाळची धावपळ. दिवसभर कामावर असणाऱ्यांना रात्रीचा एक वेळचा डबा पुरतो. सकाळचं जेवण घरचंच राहू द्या.
- ‘आज काय करू?’ हा विचार. स्वयंपाकाला ताई ठेवल्या तरी ही कटकट सुटत नाही, कारण त्या दारातूनच ‘काय करू आज?’ विचारतात. डबा मात्र हा विचार पूर्णपणे डोक्यावरून उतरवतो.
- निवडणं, चिरणं, भांडी. चिरलेली भाजी विकत घेणं किंवा भांड्यांना मदत ठेवणं हा डब्यापेक्षा स्वस्त उपाय ठरू शकतो.
- तात्पुरती अडचण. हात मोडला, ओट्याचं काम काढलं, घरात बाळंतीण आहे, दहावी-बारावीची परीक्षा आहे. अशा वेळी पंधरा दिवसांच्या बोलीवर डबा घ्या आणि बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

पर्याय कोणते आणि ते कोणाला सोयीचे?

शिजवलेलं जेवण महिन्याच्या हिशोबाने विकत घेणं महाराष्ट्राला नवं नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले, खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार गिरणगावातल्या बायकांच्या खानावळींत जेवत आणि महिन्याचे पैसे देत. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ‘महिना भरणं’, ‘खाडा’, ‘एक वेळ, दोन वेळ’ हे खानावळीतले शब्द आजच्या डब्याच्या व्यवहारातही चालतात. पर्याय मात्र आता वाढले आहेत.

- घरगुती डबा. एखाद्या काकू किंवा बचत गट मोजक्या घरांसाठी रांधतो. चव घरच्याच्या सर्वांत जवळची, तिखट-मीठ सांगून बदलता येतं. मात्र सगळा कारभार एकाच माणसावर असल्याने काकू आजारी पडल्या की डबा बंद. ज्येष्ठांना आणि पथ्यवाल्यांना हा पर्याय बरा, पण घरात पर्यायी सोय हवी.
- पोळी-भाजी केंद्र. हवं तेवढंच, हवं त्या दिवशी घ्या. महिन्याची बांधिलकी नाही. जाऊन आणावं लागतं किंवा घरपोच पोहोचवण्याचे वेगळे पैसे पडतात.
- मेसचा डबा. विद्यार्थी आणि एकटे राहणारे यांच्यासाठी. पोट भरतं, दर बेताचा, पण रोज शेकडो माणसांसाठी रांधलेलं असतं. रविवारी सकाळी फीस्ट आणि रात्री सुट्टी, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. ती आधी विचारून घ्या.
- झोमॅटो, स्विगीसारखी ॲप. अधूनमधून सोयीची. रोजच्यासाठी महाग पडतात, कारण पदार्थाच्या किमतीवर पॅकिंग, पोहोच आणि ॲपचं शुल्क चढत जातं. शिवाय उपाहारगृहाचं जेवण चार घास चमचमीत लागावं असंच केलेलं असतं. महिनाभर दोन्ही वेळा खाण्यासाठी ते नसतं.
- पाकीटबंद तयार पदार्थ. बंद पाकिटात १२० अंशांच्या आसपास तापवून निर्जंतुक केलेले असल्याने फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकतात. डबा आला नाही त्या दिवसासाठी दोन पाकिटं घरात असू द्यावीत. रोज खाणार असाल तर पाठीमागच्या तक्त्यातलं सोडियम वाचा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मुंबईचे डबेवाले जेवण बनवत नाहीत. १८९०मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून चालत आलेली ही व्यवस्था तुमच्या घरून किंवा तुम्ही ठरवलेल्या खानावळीतून भरलेला डबा कचेरीत पोहोचवते आणि रिकामा परत आणते. त्यामुळे चवीची तक्रार त्यांच्याकडे नेऊन उपयोग नाही. ही सेवा घेणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मावळ, खेड, जुन्नर भागातले हे लोक बहुधा एप्रिलमध्ये गावच्या यात्रांसाठी काही दिवस सामूहिक सुट्टी घेतात. तारखा आधी जाहीर होतात, त्या दिवसांची सोय करून ठेवा.

खर्चाचा हिशोब वहीत मांडा

‘डबा महाग पडतो’ आणि ‘डबा स्वस्त पडतो’ ही दोन्ही विधानं बहुतेक जण हिशोब न करताच करतात. घरच्या जेवणाचा खर्च काढायचा तर एक महिना तेलाची पिशवी, कणीक, डाळ-तांदूळ आणि भाजीचे पैसे लिहून ठेवा. सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर चिकटवा, म्हणजे १४.२ किलोचा गॅस किती दिवस पुरतो ते कळेल. फेकून दिलेली भाजीही लिहा. दोघांच्या घरात कोथिंबिरीची अर्धी जुडी आणि पाव कोबी हमखास कचऱ्यात जातो.

डब्याच्या बाजूला नुसता छापील दर लिहून भागत नाही. एक उदाहरण घ्या. आकडे समजुतीपुरते आहेत, त्या जागी तुमच्या भागातला दर घाला. दोन माणसं, एक वेळचा डबा माणशी १०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. जेवणाचे ५,२०० रुपये. पोहोचवण्याचे रोज २० रुपये धरले तर ५२० वाढले. एकूण ५,७२०, म्हणजे रोजचे २२०. आता तुम्ही चार दिवस गावाला गेलात आणि समोरचे खाडे धरत नाहीत. पैसे तेवढेच, जेवणं २२ दिवसांची. रोजचा खर्च झाला २६०. दर एका पैशानेही वाढला नाही, तरी डबा महागला.

आणखी तीन गोष्टी वहीत यायला हव्यात:

- चहा, नाश्ता, दूध, फळं, पाहुणे यांचा खर्च डब्याने कमी होत नाही. गॅसही पूर्ण वाचत नाही.
- उपाहारगृहाच्या जेवणावर ॲपमधून साधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. १ जानेवारी २०२२पासून तो ॲपनेच भरायचा आहे. पोहोचवण्याच्या शुल्कावर २२ सप्टेंबर २०२५पासून १८ टक्के कर आहे.
- छोट्या डबेचालकाने वेगळा जीएसटी लावला, तर बिलावर त्याचा १५ अक्षर-अंकी जीएसटी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर कर मागता येत नाही.

बऱ्याच घरांत एक युक्ती चालते. कमी जेवणारे दोघे एकच पूर्ण डबा घेतात आणि पोळ्या तेवढ्या जास्त मागवतात. भात घरी लावतात. ज्येष्ठ दांपत्यांनी आधी हेच करून पाहावं.

तीन दिवस चाखून पाहा

महिना भरण्याआधी सुटे पैसे देऊन किमान तीन डबे घ्या. सलग तीन दिवस नकोत. पहिल्या दिवशी सगळेच हात सैल सोडतात. एक डबा आठवड्याच्या मधल्या दिवशी, एक शनिवार-रविवारी आणि एक न सांगता आठवडाभराने मागवा. प्रत्येक वेळी पुढच्या गोष्टी पाहा:

1. वेळ. सांगितलेली वेळ आणि दारात आलेली वेळ, दोन्ही लिहा. वीस मिनिटांचा उशीर चालतो. एक दिवस साडेबारा आणि दुसऱ्या दिवशी दोन, हे महिनाभर चालत नाही.
2. पोळी. आल्या आल्या मऊ लागणारी पोळी तीन तासांनी खाऊन पाहा. कचेरीत डबा नेणाऱ्यांसाठी ही खरी परीक्षा. कडक झाली किंवा वातड लागली तर हे तुमच्या कामाचं नाही.
3. तेल. रस्सा भाजी वाटीत काढून काही वेळ तशीच ठेवा. वर आलेलं तेल चमच्याने काढा आणि किती चमचे निघालं ते पाहा. फ्रिजमध्ये ठेवल्यावर वरचा थर घट्ट झाला तर वनस्पती तूप किंवा तसंच काही वापरलेलं असण्याची शक्यता आहे. विचारून घ्या.
4. सोडा. डाळ, उसळ लवकर शिजावी म्हणून काही ठिकाणी खाण्याचा सोडा घालतात. दाणे पार गळून लगदा झाला असेल आणि चव किंचित साबणासारखी लागली, तर शंका घ्या. सोडा म्हणजेही सोडियमच. रक्तदाब असणाऱ्यांनी हे सोडून देऊ नये.
5. भाजीचा प्रकार. तीन डब्यांपैकी दोनदा बटाटा आला का? पालेभाजी एकदा तरी आली का? कांदा-टोमॅटोची तीच ग्रेव्ही वेगवेगळ्या नावांनी फिरते आहे का?
6. खाल्ल्यानंतर. रात्री दोनदा पाणी प्यायला उठावं लागलं, जळजळ झाली, पोट जड वाटलं, तर तेही लिहा.

घरातल्या सर्वांत कुरकुऱ्या माणसालाही तीन दिवस हेच जेवू घाला. मुलांना वरण तिखट लागलं, आजोबांना भाकरी चावली नाही, या गोष्टी महिना भरल्यावर कळून काय उपयोग?

फोनवर विचारायचे प्रश्न

चौकशी करायला संकोच वाटून घेऊ नका. नीट चालवणारे लोक या प्रश्नांना सरावलेले असतात.

- खाडे धरता का? किती आणि किती वाजेपर्यंत कळवायचं? आदल्या रात्री की सकाळी आठपर्यंत?
- पूर्ण डबा आणि अर्धा डबा यांत काय काय? किती पोळ्या, किती भात?
- पोळ्या घडीच्या की फुलके? भाकरी कोणत्या दिवशी?
- आठवड्याचा बेत आधी कळतो का?
- सुट्ट्या कोणत्या? गणपतीत, दिवाळीत किती दिवस बंद?
- कांदा-लसूण, दाण्याचा कूट, खोबरं वगळून मिळेल का?
- सामिष जेवण त्याच ओट्यावर, त्याच भांड्यांत होतं का?
- डबा स्टीलचा की एकदा वापरून टाकायचा?
- अन्न सुरक्षा नोंदणी क्रमांक काय?
- एकदा स्वयंपाकघर पाहायला येऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीही या’ असेल तर निम्मी काळजी मिटली. गेलात तर पाण्याचं पिंप, झाकलेली कणीक, हात धुण्याची जागा आणि तळणीचं तेल एवढं पाहून या.

नोंदणीबद्दल बरेच वाचक गोंधळतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६नुसार घरच्या ओट्यावर रांधून डबे विकणाऱ्यांनाही किमान नोंदणी लागते. मोठ्या व्यवसायाला परवाना लागतो. दोन्हींचा क्रमांक १४ अंकी असतो. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. १ जानेवारी २०२२पासून हा क्रमांक पावतीवर किंवा बिलावर छापणं बंधनकारक आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावर तो टाकून पाहिला की क्रमांक खरा आहे का आणि कोणाच्या नावावर आहे, ते दिसतं. क्रमांक असला म्हणजे जेवण चांगलंच, असं नव्हे. पण उद्या तक्रार करायची वेळ आली तर कोणाविरुद्ध करायची, हे तरी निश्चित राहतं.

डबा दारात आल्यावर

शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि गार पदार्थ ५ अंशांच्या खाली सुरक्षित. मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. घरगुती व्यवहारात याचा अर्थ इतकाच:

- डबा बाराला आला आणि जेवण तीनला असेल, तर भाजी, वरण, भात फ्रिजमध्ये टाका आणि जेवताना पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करा.
- दुपारच्या डब्यातला भात रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. उबदार भातात जीवाणू वाढून जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे फार जपा.
- पावसाळ्यात खोबरं घातलेली चटणी आणि कोशिंबीर आधी संपवा. वास आला तर चाखूनही पाहू नका.
- गरम आमटी पातळ पिशवीत बांधून आली तर परत करा. महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८पासून बंदी आहे. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून देणंही १ जुलै २०१९पासून नियमबाह्य आहे, कारण छपाईची शाई अन्नात उतरते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्वतःचे दोन स्टीलचे डबे. एक भरलेला आला की दुसरा धुतलेला परत द्यायचा. झाकणावर नाव कोरून घ्या. सारखे दिसणारे डबे अदलाबदल होतात आणि तुमच्या बिनमिठाच्या वरणाऐवजी कोणाचा तरी तांबडा रस्सा हातात पडतो.

पथ्य असेल तर

‘डायबेटिक डबा’, ‘डाएट टिफिन’ अशा नावांवर जाऊ नका. त्यात नेमकं काय आहे ते विचारा. पोळी कमी करून भात वाढवला असेल तर नावाला अर्थ नाही.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना चवीपेक्षा वेळ महत्त्वाची. औषध पोटात गेलं आणि डबा तासभर लांबला तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डबा हातात आल्याशिवाय जेवणाआधीचं औषध घ्यायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. घरात चटकन खाण्यासारखं काहीतरी कायम असू द्या.

रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाचा हिशोब ठेवावा. दिवसाला एकूण ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा मीठ, ही मर्यादा आहे. डब्यातलं लोणचं, पापड, चटणी त्यातच धरायची. लोणचं नको, असं पहिल्या दिवशीच सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेला कागदच डबा करणाऱ्यांना द्या. ‘जमेल तसं करू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी मराठी डब्याबाबत फार काटेकोर राहावं. दाण्याचा कूट कोशिंबिरीत असतो, भरल्या वांग्यात असतो, पालेभाजीत असतो आणि उपवासाच्या जवळपास प्रत्येक पदार्थात असतो. ‘आज नाही घातला’ एवढ्यावर विसंबू नका. डावही वेगळा हवा.

पोषणाची उणीव घरीच भरून काढता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शनात २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) सुचवली आहेत. डब्यातली भाजी एकदा काट्यावर ठेवून पाहा, म्हणजे किती कमी पडतं ते कळेल. त्यात काकडी, टोमॅटो, एखादं फळ आणि वाटीभर दही घरून घाला. याला गॅस लागत नाही.

पैसे देताना

- पहिल्यांदा आठवड्याचे, फार तर पंधरा दिवसांचे पैसे द्या. तीन किंवा सहा महिन्यांचे एकदम भरल्यास सवलत मिळते, पण चव उतरली की तुमच्या हातात काही राहत नाही.
- ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर एका संदेशात लिहा: दर, दिवस, वेळ, खाडे, सुट्ट्या, अनामत. समोरून ‘हो’ आलं की तो पुरावा झाला.
- पैसे यूपीआयने द्या आणि ‘जुलै, पहिला पंधरवडा’ अशी नोंद त्यात लिहा. रोख दिले तर पावती घ्या.
- कॅलेंडरवर खाडे तिथल्या तिथे मांडा. पूर्वी दुधाचे मांडत, तसेच. महिनाअखेरीस आठवणीवर भांडण होतं, खुणांवर होत नाही.

घरगुती डबा करणाऱ्यांच्या बाजूनेही पाहा. त्या आदल्या रात्री भाजी आणून निवडून ठेवतात. सकाळी अकराला ‘आज नको’ असं कळवून पैसे कापणं अन्यायाचं आहे. मुदतीत कळवलेला खाडा मात्र हक्काने मागा.

बिघडलं तर: तक्रार कुठे आणि कशी?

रोजच्या कुरबुरी, म्हणजे मीठ जास्त, पोळी कच्ची, उशीर, यांबद्दल त्याच दिवशी फोन करा. आठ दिवस मनात ठेवून एकदम सगळं काढलं की संबंध बिघडतो आणि जेवण सुधारत नाही. प्रकरण गंभीर असेल, अन्नात किडा, केस, काच निघाली किंवा खाऊन घरात उलट्या-जुलाब झाले, तर हा क्रम पाळा:

1. डबा, अन्न आणि आवरण यांचा फोटो काढा. उरलेलं अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवा.
2. आजारी पडलेल्याला डॉक्टरांकडे न्या. केसपेपर आणि औषधांची बिलं जपा.
3. डबा करणाऱ्यांना लेखी कळवा. त्याच दिवशी इतरांनाही त्रास झाला असेल तर तेही समोर येईल.
4. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर किंवा ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार नोंदवा. १४ अंकी क्रमांक इथे कामी येतो. गोव्यातल्या वाचकांनी तिथल्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे जावं.
5. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर फोन करा.

ॲपवरून मागवलं असेल तर ‘आम्ही फक्त पोहोचवतो’ या उत्तरावर गप्प बसू नका. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांनुसार ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं.

अन्नाची तपासणी खरेदीदारालाही शुल्क भरून सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून करून घेता येते. ही तरतूद कायद्याच्या कलम ४०मध्ये आहे. अट अशी की तपासणी करणार असल्याचं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. अहवाल तुमच्या बाजूने आला तर शुल्क परत मिळतं. अन्नामुळे इजा झाल्याचं सिद्ध झालं तर कलम ६५खाली भरपाई आहे: इजेसाठी एक लाखापर्यंत, गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास किमान पाच लाख रुपये.

एवढं करूनही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार दाखल करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही बंधनकारक नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जा. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते.

डबा चुकला किंवा बंद केला तर

डबा लावला म्हणून स्वयंपाकघराला कुलूप लागत नाही. पावसाने रस्ते तुंबले, डबा आणणारा मुलगा गावी गेला, काकूंकडे लग्न निघालं, असे दिवस येणारच. त्यांच्यासाठी फळीवर तांदूळ, मूगडाळ, पोहे, मेतकूट, तूप आणि फ्रिजमध्ये चार अंडी किंवा दही एवढं असू द्या. मूगडाळीची खिचडी कुकरमध्ये वीस मिनिटांत होते आणि आजारी माणसालाही चालते.

बंद करायचा ठरला तर महिना संपायच्या चार दिवस आधी कळवा आणि कारण स्पष्ट सांगा: तेल जास्त, वेळ पाळली जात नाही, किंवा आता गरज नाही. अनामत, उरलेले खाडे आणि शेवटचं बिल यांचा हिशोब एकाच संदेशात मांडून पाठवा. तुमचा दुसरा स्टीलचा डबा अजून त्यांच्या ओट्यावर असेल, तोही त्याच दिवशी मागून घ्या.